मांगराचे छप्पर आणि गृहस्थाचा धर्म

दक्षिण कोकणात घरापासून सुट्या उभ्या असलेल्या बैठ्या इमारतीला मांगर म्हणतात. चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंती, वर दुपाखी छप्पर आणि एका अंगाला गाडीबैल आत जाईल एवढे दार, असे त्याचे साधे रूप. सावंतवाडी तालुक्यात तेरेखोल खाडीच्या काठी वसलेल्या आणि किरणपाणीच्या पुलाने गोव्यातील पेडणे तालुक्याशी जोडलेल्या आरोंदा गावात असे जुने मांगर अजून दिसतात. पूर्वी मांगरात गुरे बांधत, पेंढा रचत, नांगर, जू, नारळाची सोडणे आणि लाकूडफाटा ठेवत. कामाच्या दिवसांत गडीमाणसेही तिथेच पाठ टेकत. आता पुष्कळ ठिकाणी गुरे गेली आहेत आणि त्या जागी मोटार उभी राहते. वापर बदलला की छपराकडे पाहण्याची नजरही बदलते. उन्हाळ्यात आत भट्टी होते, पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून छपराखाली उष्णता अडवणारा थर घालावा, फटी बुजवाव्यात, वर घट्ट झाकण करावे असे मालकाला वाटू लागते. हा सुताराचा आणि पत्रेवाल्याचा विषय आहे, यात शंका नाही. पण छप्पर हे भारतीय धर्मविचारात फार जुने प्रश्नस्थान आहे. माणसाने डोक्यावर किती झाकण घ्यावे, कोणासाठी घ्यावे आणि ते घेताना त्या छपरात आधीच राहणाऱ्या जीवांचे काय करावे, या तिन्ही प्रश्नांवर इथल्या परंपरांनी नेमके बोलून ठेवले आहे. मांगराच्या छपराला ते सारे लागू पडते.

आधी छप्पर कसे चालते ते पाहावे लागते, कारण धर्माचा प्रश्न त्याच्या रचनेतूनच उभा राहतो. सर्वांत जुने छप्पर गवताचे आणि माडाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांचे. त्यानंतर कुंभाराने चाकावर घडवलेली नळ्याची कौले आली. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथली सपाट, खाचेत खाच बसणारी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वदूर पसरली. धर्मांतरानंतर जातीचा धंदा आणि आधार गमावलेल्या लोकांना काम मिळावे, हाही त्या उद्योगामागचा एक हेतू होता. कोकणातल्या देवळांवर आणि घरांवर चढलेल्या लाल कौलांच्या इतिहासात परक्या धर्माची अशी एक सेवा मिसळलेली आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

मंगलोरी कौल साधारण दोन-तीन किलो वजनाचे असते. आढ्यापासून वळचणीपर्यंत वासे, वाशांवर आडव्या रिपा आणि रिपांना अडकवलेली कौले, अशी ही मांडणी. कौले एकमेकांना चिकटवलेली नसतात, नुसती एकमेकांवर टेकलेली असतात. त्यामुळे तापलेली हवा वर चढून फटींतून निघून जाते आणि वळचणीखालून थंड हवा आत येते. भाजलेली माती थोडे पाणी शोषते आणि ऊन पडले की ते वाफ होऊन उडते. पावसाचे पाणी उतारावरून ओघळते, वाऱ्याने उडालेले चार थेंब आत येतात आणि सुकून जातात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात हे छप्पर टिकले ते पुरते बंद नाही म्हणून. लाकूड भिजते तसे वाळतेही. जुन्या मांगरात वरच्या माळ्यावर पेंढा रचलेला असे आणि तोच उन्हाला अडवी. उष्णतारोधक थर ही कल्पना कोकणाला नवी नाही. नवी आहे ती तो थर हवाबंद करण्याची कल्पना.

अशा छपरात वस्ती असते. कौल आणि रिप यांच्या मधल्या पोकळीत चिमणी घरटे करते. वाशांच्या खाचांत लहान वटवाघळे दिवसभर लटकून असतात आणि रात्री डास-किडे टिपतात. पाली तर असतातच. कुंभारमाशी चिखलाची घरे बांधते, माळ्यावर उंदीर होतात आणि उंदरांमागे धामण येते. फणसाच्या दिवसांत उदमांजर, ज्याला मालवणी माणूस कांडेचोर म्हणतो, तेही अंधारात कौलांवरून फिरते आणि पुष्कळदा माळ्यावर पिल्ले घालते. यांपैकी कोणालाही मालकाने बोलावलेले नाही. तरी काहींचे कुळ त्या मांगरात मालकाच्या आजोबांपासून नांदत आलेले असते.

कौले काढून पत्रे घातले की पहिले संकट उष्णतेचे येते. वैशाखातल्या दुपारी लोखंडी पत्रा साठ अंशांच्या पुढे तापतो आणि खाली उष्णता फेकतो. रात्री तोच पत्रा झपाट्याने निवतो, आणि हवेत दमटपणा भरपूर असल्याने त्याच्या खालच्या अंगाला दव धरते व थेंब गळतात. म्हणून पत्र्याखाली चकचकीत फॉइल, काचलोकर किंवा थर्माकोलचा थर घालतात. फॉइलला काम करायला समोर हवेची पोकळी लागते. काचलोकर भिजली की तिचा उपयोग जवळजवळ संपतो. थर्माकोल पेट्रोलच्या गाडीजवळ उघडा ठेवणे धोक्याचे असते. थर चांगला बसायचा तर सांधे बंद करावे लागतात. इथेच प्रश्न गवंड्याच्या हातातून सुटून धर्माच्या अंगणात येतो. सांधा बंद करणे म्हणजे कोणाला तरी बाहेर ठेवणे, आणि घाईत केले तर कोणाला तरी आत चिणणे.

पहिला प्रश्न गरजेचा. झाकण नेमके कोणासाठी? या प्रश्नाचे सर्वांत टोकदार रूप सुत्तनिपात या बौद्ध ग्रंथातल्या धनिय सुत्तात आहे. मही नदीच्या काठी राहणारा धनिय गोप समाधानाने सांगतो की भात शिजला आहे, दूध काढून झाले आहे, खोप शाकारलेली आहे, अग्नी पेटलेला आहे, आता पाऊस खुशाल पडो. बुद्ध त्याला त्याच्याच घाटणीत उत्तर देतो, पण उलट्या अर्थाने. त्याची खोप उघडी आहे आणि अग्नी विझलेला आहे, तरी पाऊस खुशाल पडो. हे सुत्त मराठीत आणणारे धर्मानंद कोसंबी १८७६ मध्ये गोव्यातील सांखवाळ येथे जन्मले. तेही कोकणच्या पावसात वाढलेले होते. शाकारलेल्या घराचे सुख म्हणजे काय, हे त्यांना वेगळे समजून घ्यावे लागले नसेल. त्या सुखाला सुत्तात कुठेही खोटे म्हटलेले नाही. धनियाचे समाधान खरे आहे, मेहनतीचे आहे. फक्त ते छपरावर अवलंबून आहे, आणि छपरावर अवलंबून असलेले समाधान छपराइतकेच टिकते.

भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत अनिकेत हे एक लक्षण येते. ज्ञानेश्वरांनी त्यावर निरूपण करताना अवघे विश्वच ज्याचे घर झाले आहे अशा माणसाचे चित्र उभे केले आहे. पण हे संन्याशाचे किंवा सिद्धाचे उत्तर झाले. गृहस्थाला ते जसेच्या तसे उचलता येत नाही, आणि तसे उचलावे अशी अपेक्षाही या ग्रंथांची नाही. घरात म्हातारी आई असेल, तान्हे मूल असेल, तर उघड्या छपराचा गौरव करणे हा दुसऱ्याच्या हालांवर मिळवलेला मोठेपणा ठरेल. या वचनांचा गृहस्थाला उपयोग वेगळाच आहे. छप्पर स्वतःच्या बळावर समर्थनीय नसते, त्याच्याखाली कोण आहे यावर ते ठरते, एवढे त्यातून पक्के होते. मांगराच्या बाबतीत ही कसोटी फार अवघड जाते. ज्या काळात त्याच्याखाली गुरे आणि गडी होते त्या काळात छपराची फारशी फिकीर कोणी केली नाही. घरावर कौले चढली तरी मांगरावर गवतच राहिले, अशी उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. जिवंतांसाठी जे सुचले नाही ते आता रंगाला तडे जाऊ नयेत, सीट तापू नये म्हणून सुचते आहे. मोटारीची काळजी घेणे चूक नाही. ती कष्टाच्या पैशातून आलेली असते आणि वस्तूची हेळसांड हादेखील दोषच आहे. पण जिवाची गरज आणि वस्तूची सोय एका तागडीत तोलता येत नाहीत. आवारातच भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाच्या डोक्यावर उघडा पत्रा असेल आणि थर मात्र गाडीवर चढत असेल, तर तो खर्च कितीही कायदेशीर असला तरी धर्माच्या हिशेबात तो उलटा क्रम आहे.

दुसरा प्रश्न मापाचा, आणि त्याबद्दल सर्वांत तपशीलवार विचार बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांत, सापडतो. भिक्षूंना छप्पर का मिळाले, हेच मुळात पाहण्यासारखे आहे. पावसाळ्यात भिक्षू हिंडत राहिले की कोवळे गवत आणि बारीकसारीक जीव पायाखाली चिरडले जातात, पाखरेसुद्धा या दिवसांत घरटी करून एका जागी राहतात, अशी लोकांची तक्रार झाली, आणि त्यातून वर्षावासाचा नियम आला. जैन साधू-साध्वींचा चातुर्मासही याच विचारावर उभा आहे. वर्षावास उघड्यावर, झाडाच्या ढोलीत, छत्रीखाली किंवा रांजणात काढू नये असेही विनयात सांगितले आहे. छप्पर हवेच. म्हणजे ज्या संघाचा आदर्श उघडी खोप होता, त्याच संघाला पावसाच्या तीन महिन्यांत छप्पर सक्तीचे झाले. त्यात भिक्षूचा आराम होताच, पण कारण म्हणून पुढे आले ते बाहेरच्या किड्यामुंग्यांचे जगणे. भारतीय विचारातली छपराबद्दलची ही कदाचित सर्वांत उदार कल्पना असावी.

मग छप्पर वाढत जाते. कौशांबीच्या घोषितारामात छन्न नावाचा भिक्षू होता. त्याचा दाता असलेल्या एका मंत्र्याने त्याला विहार बांधून दिला. छन्नाने तो पुन्हा पुन्हा शाकारला, पुन्हा पुन्हा लिंपला. थरांवर थर चढले, भार पेलवेना आणि विहार कोसळला. मग नव्याने गवत-काठ्या गोळा करताना त्याने एका ब्राह्मणाचे जवाचे शेत तुडवले. त्यावरून पाचित्तिय वर्गातला एकोणिसावा नियम झाला. छपराचे दोन किंवा तीन थर करावेत, त्यापुढे नाही, आणि ते काम पाहतानाही पिकात उभे राहू नये. या गोष्टीतले स्थापत्य आजही तितकेच खरे आहे. जुन्या मांगराचे वासे कौलांच्या भारासाठी बेतलेले असतात. त्यावर फळ्या, फ्रेम, थर, खालून छत असे चढवत गेले आणि मधेच कुठे ओल धरली, तर वाशांची टोके भिंतीत कुजू लागतात आणि वरून काही दिसत नाही. पण नियमाचा गाभा भारापुरता नाही. छन्नाच्या छपराचे दोन बळी आहेत. एक त्याचे स्वतःचे घर आणि दुसरे दुसऱ्याचे शेत. अतिरेकी झाकणाची किंमत नेहमी आणखी कोणीतरी भरतो, हे विनयकारांनी जवाच्या शेताच्या रूपाने नेमके पकडले आहे. आज ते शेत दूर गेले आहे. पेट्रोलियमपासून बनणारा थर्माकोल, त्याचे खाडीत वाहून येणारे तुकडे आणि जुने सिमेंटचे पत्रे कापताना उडणारे अॅस्बेस्टॉसचे तंतू छाताडात भरून घेणारा मजूर, ही आजची तुडवलेली शेते आहेत.

धनिय नावाच्याच दुसऱ्या एका माणसाची गोष्ट आणखी कठोर आहे. राजगृहाजवळ इसिगिलि पर्वताच्या उतारावर राहणारा हा भिक्षू मूळचा कुंभार. तो भिक्षेला गेला की त्याची गवताची झोपडी गवत-लाकूड गोळा करणारे लोक मोडून नेत. असे तीनदा झाले. वैतागून त्याने सगळी झोपडी मातीची केली आणि बाहेरून गवत, लाकडे, शेण रचून ती भाजून काढली. लालभडक, देखणी, टिचकी मारली तर घंटेसारखी वाजणारी. बुद्धाने ती मोडायला लावली. कारण दिले ते असे, की ती भाजताना असंख्य जीव होरपळले, आणि या माणसाच्या मनात त्यांच्याबद्दल कणव नव्हती. घर अभेद्य व्हावे ही इच्छा समजण्यासारखी होती. तीन वेळा लुटल्या गेलेल्या माणसाला ती होणारच. तरीही निकाल त्याच्या विरुद्ध गेला. त्यात त्याच्या कौशल्याचा दोष काढलेला नाही. दोष आहे तो भाजण्याआधी न पाहण्याचा. मांगराच्या फटी बुजवणाऱ्याला याहून जवळचा दाखला सापडणार नाही. फोम मारण्याआधी आत कोण आहे हे पाहिले नाही, तर ते धनियाच्या भट्टीचेच काम झाले.

आणि याच परंपरेत छप्पर देऊन टाकणारा माणूसही आहे. मज्झिमनिकायातल्या घटिकार सुत्तात काश्यप या पूर्वीच्या बुद्धाची कुटी गळू लागते, तेव्हा भिक्षू घटिकार कुंभाराच्या घरावरचे गवत काढून नेतात. घरात त्याचे आंधळे, वृद्ध आईबाप असतात. कोण गवत काढतो आहे असे ते विचारतात, आणि कारण कळल्यावर न्या म्हणतात. घटिकार परत येतो तेव्हा त्याला रागाऐवजी आनंद होतो, आणि पुढचे तीन महिने आभाळच छप्पर असूनही त्या घरात पाऊस शिरत नाही. चमत्कार बाजूला ठेवला तरी क्रम पाहण्यासारखा आहे. ज्याची गरज मोठी त्याच्याकडे गवत गेले.

ज्यू धर्मशास्त्र छपराकडे वेगळ्या बाजूने येते, आणि ते महाराष्ट्राला परके नाही, कारण अलिबागच्या परिसरात शतकानुशतके तेलघाण्याचा धंदा करणारे मराठीभाषक बेने इस्रायल तेच शास्त्र पाळत आले. नवे घर बांधले तर गच्चीला कठडा घालावा, नाहीतर पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, अशी आज्ञा त्यांच्या पाचव्या धर्मग्रंथात आहे. तिसऱ्या ग्रंथात भिंतीवरचे ओलीचे डाग उपाध्यायाने येऊन पाहावेत, दगड काढून गिलावा खरवडावा आणि डाग परत आले तर घर पाडावे, असा सविस्तर विधी आहे. आणि सुक्कोथच्या सणात सात दिवस ज्या मांडवात राहायचे, त्याचे छप्पर कापलेल्या फांद्या-पानांचेच असावे लागते. उन्हापेक्षा सावली जास्त हवी, पण रात्री मधून चांदण्या दिसाव्यात. पूर्ण बंद छप्पर तिथे चालतच नाही. कोकणात पावसाळा सरल्यावर खळ्यात झापांचा माटव घालतात, त्याला हे शास्त्र ठाऊक नसले तरी छप्पर तेच आहे. माणसाला वर्षातले काही दिवस तरी गळके झाकण पुरते, हे दोन्हीकडे मान्य आहे.

तिसरा प्रश्न छपरातल्या वस्तीचा. स्मृतींनी गृहस्थाच्या घरात पाच हिंसास्थाने मोजली आहेत. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. रोजचे जगणेच जीव घेते, ही कबुली त्यात आहे, आणि तिचे परिमार्जन म्हणून पंचमहायज्ञ सांगितले, ज्यांत भूतयज्ञ म्हणजे कावळ्या-किड्यांसाठी अन्न काढून ठेवणे येते. विचार मोठा आहे. पण त्याच मनुस्मृतीने जमिनीवर अन्न ठेवायच्या यादीत कुत्रे, कावळे आणि कृमी यांच्या रांगेत अंत्यज आणि रोगी माणसांनाही बसवले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो ग्रंथ जाळला गेला, तो अशाच माणूसपण नाकारणाऱ्या विधानांमुळे. किड्याची कणव आणि माणसाची अवहेलना एका श्लोकात नांदू शकतात, हे विसरून जीवदयेवर बोलणे पोकळ ठरते. म्हणून मांगराच्या बाबतीत आधी गड्याचे छप्पर आणि मग चिमणीचे, हा क्रम सोडता येत नाही.

पाच हिंसास्थाने सगळी जमिनीलगतची आहेत. छप्पर त्यांत नाही. बहुधा त्या काळचे गवताचे छप्पर कोणाला मारत नसे, उलट आसरा देत असे. छप्पर बंद करण्याचे तंत्र आले तेव्हा ते सहावे हिंसास्थान झाले, आणि त्याचा यज्ञ कोणी सांगून ठेवलेला नाही. तो शोधायचा तर आधार मात्र जवळच आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत झाड तोडण्याआधी म्हणायचे एक आर्जव आहे. या झाडात जे जीव, जी भूते राहत असतील त्यांनी हा बळी स्वीकारावा, दुसरीकडे राहण्याची सोय करावी आणि क्षमा करावी, असा त्याचा आशय. वास्तुशांतीत एक्क्याऐंशी पदांच्या मंडलावर पंचेचाळीस देवतांना बळी देतात, त्यामागेही जागा आधीपासून कोणाची तरी आहे हाच समज आहे. कोकणात कामाला हात घालण्याआधी गाऱ्हाणे घालतात, स्थळाच्या राखणदाराला नारळ ठेवतात, चूक-अंतर पोटात घाल म्हणून विनवतात. संस्कृत मंत्र आणि मालवणी गाऱ्हाणे यांत हे आर्जव एकच आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नारळ ठेवून क्षमा मागितली म्हणजे पिल्ले वाचत नाहीत. करणाऱ्याचे मन हलके होते इतकेच. नुसता विधी उरकला तर आक्षेप पूर्ण खरा आहे. पण त्या आर्जवातले शब्द नीट घेतले तर त्यात तीन ठोस गोष्टी आहेत. इथे कोणीतरी राहते, याची दखल. निघून जायला सांगणे, म्हणजे त्यासाठी वेळ देणे. आणि दुसरीकडे राहण्याची सोय, जी कुठेतरी असायला हवी. पूर्वी तोडलेल्या झाडाशेजारी दुसरी झाडे होती, म्हणून सोय आपोआप होत असे. आता गावातली एकेक कौलारू घरे स्लॅबची झाली, तेव्हा चिमणीला शेजारी जागा उरलेली नाही. मंत्रातला तो भाग आज माणसाला हातांनी पुरा करावा लागतो. तो पुरा केला तर आर्जव प्रामाणिक ठरते, नाहीतर ती घर खाली करण्याची नोटीस असते.

सर्वांत अवघड वाळवीचे आहे. आरोंद्याची ग्रामदेवता श्री देवी सातेरी भद्रकाली. दक्षिण कोकणात आणि गोव्यात सातेरी वारुळाच्या रूपाने पूजली जाते. अनेक देवळांच्या गाभाऱ्यात वारूळच असते आणि त्यावर देवीचा मुखवटा चढवतात. वारूळ बांधते ती वाळवी. तीच मांगराच्या वाशांत शिरली की मालक औषध मारतो. एकाच जिवापुढे एकीकडे हात जोडायचे आणि दुसरीकडे त्याला विष घालायचे, यात विसंगती दिसते खरी. पण गावाच्या वागण्यात एक सुसंगत विचार आहे आणि तो मर्यादेचा आहे. वाळवी ही भूमीची आहे. मेलेले लाकूड खाऊन ते मातीत परत नेणे हे तिचे काम, आणि त्या कामाचे दृश्य रूप म्हणजे भूमीतून उगवलेली देवी. शेताच्या बांधावरचे वारूळ म्हणूनच कोणी फोडत नाही. वासा मात्र माणसाने काही काळापुरता भूमीकडून मागून घेतलेला असतो. तो काळ संपेपर्यंत वाळवीला त्यापासून लांब ठेवणे हे देवीशी वैर नाही, पण लांब ठेवण्याचे मार्ग पाहून निवडावे लागतात. जोत्याला चिऱ्याची उंची देणे, लाकूड मातीला टेकू न देणे, वाशांची टोके हवेशीर ठेवणे, काजूबियांच्या टरफलाचे तेल लावणे हे कोकणातले जुने उपाय आहेत. थर घालून छप्पर बंद केले की नेमकी उलट स्थिती होते. अंधार, ओल, उब आणि न दिसणारे लाकूड. वाळवीला यापेक्षा सोयीचे घर नाही, आणि मग विषाशिवाय इलाज उरत नाही. जी हिंसा टाळता येण्यासारखी होती ती अशा वेळी बांधकामातच पेरली जाते.

या सगळ्यातून कामाची एक रीत निघते. थर घालायचाच तर आधी कोणाच्या डोक्यावर तो अधिक हवा आहे, ते घरातल्या आणि आवारातल्या माणसांत ठरवावे. मांगरावर अजून कौले असतील तर ती काढू नयेत. फुटकी बदलून, खाली बांबूची तट्टी किंवा काथ्याची चटई सैल बांधली तरी उन्हाचा ताप पुष्कळ उतरतो, आणि काथ्या तर सिंधुदुर्गातच होतो. पत्रे असतील तर वरून पांढरा रंग द्यावा. उन्हाळ्यापुरती झापे टाकली तरी चालते. फॉइल लावले तर पत्रा आणि फॉइल यांत दोन-तीन बोटे पोकळी ठेवून वळचणीला आणि आढ्याला हवेची वाट उघडी ठेवावी. त्या वाटेला बारीक जाळी लावावी, म्हणजे कोणी आत अडकून मरत नाही. छन्नाच्या नियमाप्रमाणे थर दोन किंवा तीन, त्यापुढे नाही. अॅस्बेस्टॉसचा जुना पत्रा कापू किंवा घासू नये. काढायचाच झाला तर पाणी मारून अख्खा उतरवावा, आणि तो उतरवणाऱ्या मजुराला चांगला मास्क मालकाने द्यावा.

वेळ पाळणे सर्वांत महत्त्वाचे. कोकणात छपराची कामे चैत्र-वैशाखात काढतात, पाऊस तोंडावर आला म्हणून. नेमकी तेव्हाच घरट्यांत पिल्ले असण्याची शक्यता मोठी असते. पौष-माघात लाकूड कोरडे झालेले असते, कापणी-मळणी उरकलेली असते आणि माणसे मोकळी असतात. बंद करण्याआधी दोन-तीन संध्याकाळी खाली उभे राहून कोण बाहेर पडते ते पाहावे. वटवाघळे बाहेर गेल्यावरच फट बंद करावी, आणि त्यांची पिल्ले आत असतील तर पिल्ले उडू लागेपर्यंत काम पुढे ढकलावे. उदमांजर आणि साप यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. त्यांना मारणे किंवा पकडून दूर सोडणे मालकाच्या मर्जीवर नाही, वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावे लागते. चिमण्यांसाठी वळचणीखाली, पावसाच्या माऱ्यापासून आत, लाकडी खोकी किंवा भोक पाडलेली मडकी टांगावीत, आणि ती फट बुजवण्याच्या निदान एक ऋतू आधी टांगावीत, म्हणजे पाखरांना ती सापडतात. गाऱ्हाणे घालायचे ते या सगळ्यानंतर, सोय करून झाल्यावर. ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांना ते वगळता येते, आधीचे काहीच वगळता येत नाही.

एक पर्याय असाही उरतो की थर घालूच नये. गाडी वर्षभर बाहेर पावसात राहत नाही, डोक्यावर कौले आहेत, खाली सावली आहे, एवढ्यावर तिचे भागते. ज्या मांगरात कोणी माणूस काम करत नाही, निजत नाही, गुरे बांधली जात नाहीत, तिथे विनयाच्या कसोटीने पाहिले किंवा गृहस्थधर्माच्या, हाच पर्याय सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत निर्दोष ठरतो. मांगरात सुतारकाम चालत असेल, एखादी बाई तिथे बसून सोलांची आणि काजूची कामे करत असेल, मुलगा अभ्यासाला बसत असेल, तर गोष्ट बदलते. तिथे थर घालणे हे कर्तव्यच होते, आणि खर्चाचे कारण सांगून ते टाळता येत नाही.